सराफाच्या दुकानातली लूट, ओळख परेड आणि ‘सीए रिपोर्ट’: ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सराफाच्या दुकानात शस्त्र घेऊन लूट झाली की दोन घरांना एकदमच कोर्टाची पायरी चढावी लागते. एक ज्याचं लुटलं गेलं त्याचं, दुसरं ज्याच्या मुलाला पोलिसांनी उचललं त्याचं. खालचे प्रश्न दोन्ही घरांकडून येतात. उत्तरं देणारा बचाव पक्षाचं काम करणारा वकील आहे, तेव्हा कल कुठे आहे ते धरूनच वाचा.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. ते काल्पनिक आहे, कायदा आणि निकाल मात्र खरे. वाशीतलं दुकान, दुपारची वेळ, काउंटरवर एकटा सेल्समन, मालक आत जेवतायत. चौघं शिरतात. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, एकाच्या तोंडाला रुमाल, एकाचं तोंड उघडं. हेल्मेटवाल्यांपैकी एकाच्या हातात गावठी कट्टा. तो छतावर एक गोळी झाडतो, ट्रे पिशवीत ओततात आणि दोन बाइकवरून पामबीचच्या दिशेने पसार होतात. पळताना रुमाल दारात पडतो.

पेपरात ‘दरोडा’ आलं, एफआयआरमध्ये ‘जबरी चोरी’ आहे. केस हलकी केली का?

नाही. पाच किंवा जास्त जण मिळून जबरी चोरी करतात तेव्हाच कायद्याने तो दरोडा ठरतो. आपले चौघं, म्हणून जबरी चोरी. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९, दरोडा असेल तर ३१०. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनं ३९२ आणि ३९५. बंद जागा फोडली तर ती घरफोडी, मग माल कितीही जावो. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरच्या बँक ऑफ बडोदा शाखेत शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून लॉकर फोडले, ते त्यातलं.

खरी मेख आहे कलम ३११ मध्ये, म्हणजे जुन्या ३९७ मध्ये. जीवघेणं हत्यार वापरलं तर किमान सात वर्षं, त्याखाली न्यायाधीशालाही उतरता येत नाही. हत्यार समोरच्याला दिसेल असं धरून धाक घातला तरी तो ‘वापर’च, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फूल कुमार खटल्यात सांगितलं. पण हे कलम ज्याने हत्यार वापरलं त्यालाच लागतं, सोबतच्या तिघांना नाही. २०२१ च्या राम रतन निकालात हेच पुन्हा ठासून सांगितलंय. त्यामुळे सेल्समनने नुसतं ‘हे चौघं होते’ म्हणून भागत नाही. कट्टा कुणाच्या हातात होता, ते सांगावं लागतं. आणि आपल्या उदाहरणात कट्टेवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

खटला कुठे चालणार? बेलापूर की ठाणे?

वाशी, नेरुळ, कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय मात्र एकच, नवी मुंबईचं. तेव्हा ‘नवी मुंबईची केस’ एवढ्यावरून कोर्ट ठरत नाही, पोलीस ठाणं कुठलं ते बघा. नुसतं ३०९ असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी चालवू शकतात. ३१० किंवा ३११ लागलं की सत्र न्यायालय.

ओळख परेडमध्ये नेमकं काय होतं?

आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला की परेड बहुधा कारागृहातच होते: ठाण्याला जुन्या किल्ल्यातल्या मध्यवर्ती कारागृहात किंवा तळोजाला. घेणारा पोलीस नसतो. कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुतेक वेळा नायब तहसीलदार, सोबत दोन पंच. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत पद्धत लिहिलेली आहे. एका संशयिताबरोबर दिसायला साधारण सारखे किमान सहा डमी, दोन संशयित असतील तर दहा-बारा, आणि एका रांगेत दोनपेक्षा जास्त संशयित नाहीत. आपल्या चौघांसाठी म्हणजे किमान दोन परेड.

रांगेत कुठे उभं राहायचं ते आरोपीने ठरवायचं. एक साक्षीदार बाहेर गेला की दुसरा यायच्या आत त्याला जागा बदलता येते, कपडे बदलता येतात. ओळख पटवून आलेला साक्षीदार आणि वाट बघणारा साक्षीदार यांना एकत्र बसवायचं नाही. पोलिसांनी त्या जागेच्या आसपासही थांबायचं नाही.

कागदावर हे सगळं नीट असतं. मी परेडचा पंचनामा हातात आला की आधी डमींची वयं बघतो. आरोपी बावीसचा, अंगाने काटकुळा, आणि डमी पस्तीस-चाळीसचे असतील तर त्या रांगेतून कुणीही त्यालाच उचलून दाखवेल, दुकानात पाहिलेलं असो वा नसो. दाढीचंही तसंच. अटकेनंतर आरोपीची दाढी वाढलेली आणि डमी सगळे गुळगुळीत, किंवा गालावर व्रण फक्त त्याच्याच. असा व्रण असेल तर सगळ्यांच्या गालावर त्या जागी कागदाची पट्टी चिकटवायला हवी, आणि चिकटवली हे पंचनाम्यात आलं पाहिजे.

हेल्मेटवाल्या दोघांची परेड घेतात तेव्हा तर मला प्रश्नच पडतो. साक्षीदाराने पाहिलं काय होतं? चालणं, उंची, आवाज? मग तेच जबाबात आधी यायला हवं.

परेडमध्ये ओळखलं म्हणजे आता सुटका नाही का?

असं नाही. परेडमधली ओळख हा मुख्य पुरावाच नव्हे. मुख्य पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात, शपथेवर, पिंजऱ्यातल्या माणसाकडे बोट दाखवून पटवलेली ओळख. परेड तिला आधार देते, एवढंच तिचं काम. मलखानसिंग खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ मांडलं. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: परेड झालीच नाही म्हणून कोर्टातली ओळख आपोआप बाद होत नाही. आरोपी आधीपासून माहितीचा असेल, म्हणजे समजा दुकानाचा जुना नोकर निघाला, तर परेडची गरजच नसते.

पण अनोळखी माणूस, दोन मिनिटांची भेट, आणि तीन-चार वर्षांनी कोर्टात पहिल्यांदाच ओळख. या ओळखीला काय वजन द्यायचं? पिंजऱ्यात उभा असलेला माणूस आरोपीच असणार, हे कोर्टात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यालाही कळतं.

साक्षीदार छातीठोकपणे सांगतोय. त्याचं आरोपीशी वैर नाही. मग तो खोटं का बोलेल?

तो खोटं बोलत नाहीच. वकील म्हणून मला सगळ्यात अवघड जातो तो हाच साक्षीदार: प्रामाणिक, सरळ, आणि चुकलेला.

आपल्या सेल्समनचं बघा. कट्टा समोर आला की नजर कट्ट्याच्या तोंडावर खिळते. मानसशास्त्रात यावर भरपूर प्रयोग झालेत आणि निष्कर्ष तोच: हत्यार जितका वेळ डोळ्यांसमोर, तितका चेहऱ्यावर कमी वेळ. त्यात गोळीचा आवाज. हा माणूस रात्री पोलिसांना सांगतो, ‘चौघांपैकी एकाचं तोंड उघडं होतं, रंगाने सावळा, वय वीस-पंचवीस.’ ठाणे शहरात या वर्णनाचे किती निघतील? पुढे तो सीसीटीव्ही फुटेज बघतो. मग मालकाशी, नातेवाइकांशी, शेजारच्या दुकानदारांशी दहादा बोलतो. परेडमध्ये एकाला निवडतो आणि ‘बरोबर ओळखलंत’ असं कुणाच्या तरी तोंडून ऐकतो. कोर्टात येतो तेव्हा त्याला आठवतो तो परेडमधला चेहरा, आणि त्याला मनापासून वाटतं की हाच दुकानातला. खात्री वाढत गेली, माहिती पहिल्या दिवशी होती तेवढीच राहिली.

अमेरिकेतला रोनाल्ड कॉटनचा खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. १९८४ मधल्या बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेने त्याला आधी फोटोंतून, मग रांगेतून ओळखलं, कोर्टात ठाम साक्ष दिली. खरा गुन्हेगार पुढे कोर्टात समोर उभा केला तेव्हा ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलंच नाही. १९९५ मध्ये डीएनएने कॉटन निर्दोष ठरला. तिकडे डीएनएमुळे सुटलेल्यांच्या खटल्यांपैकी बहुसंख्य खटल्यांत चुकीची ओळख हे एक कारण होतं.

म्हणून उलटतपासणीत ‘तू खोटं बोलतोस’ असं सुचवण्यात मला काही मिळत नाही. न्यायाधीशांनाही ते पटत नाही. मी विचारतो ते पहिल्या जबाबाबद्दल. घटनेच्या दिवशी काय सांगितलं होतं, किती अंतर होतं, उजेड कुठून येत होता, चेहरा किती वेळ दिसला, आणि त्या दिवसापासून परेडपर्यंत हा चेहरा आणखी कुठे कुठे पाहिला.

पोलीस ठाण्यात परेडच्या आधीच साक्षीदाराला आमचा मुलगा दाखवला होता. याला काही अर्थ आहे का?

याच्याइतका अर्थ दुसऱ्या कशालाच नाही. परेडच्या आधी साक्षीदाराला आरोपी बघायची संधी मिळाली असेल तर पुढच्या ओळखीवर विसंबता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच शेख उमर खटल्यात १९९८ मध्ये म्हटलं. आणि पोलिसांच्या समोर झालेली ओळख म्हणजे पोलिसाला दिलेला जबाबच, पुरावा म्हणून ती चालत नाही. हा दंडक त्याहून कितीतरी जुना, मुंबई राज्यातल्या रामकिशन मिठनलाल शर्मा खटल्यातला.

अडचण सिद्ध करण्याची. ‘साहेब, दाखवला होता’ एवढ्याने भागत नाही. तारखा लागतात. साक्षीदाराला पुरवणी जबाबासाठी कधी बोलावलं, आरोपी त्या वेळी त्याच ठाण्याच्या लॉकअपमध्ये होता का, कोर्टात नेताना चेहऱ्यावर बुरखा घातला होता का? हल्ली तर ठाण्यात न्यायचीही गरज उरली नाही. फोटो मोबाइलवर जातो. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हेच ते’ म्हणून फिरतो, स्थानिक वेब पोर्टलवर येतो. असं काही दिसलं तर घरच्यांनी त्याच दिवशी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढावा, लिंक लिहून ठेवावी आणि वकिलाला द्यावी. रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आरोपीने स्वतः ‘मला साक्षीदारांना दाखवलं’ असं सांगितलं आणि ते नोंदलं गेलं, तर वर्षांनी त्याला किंमत येते. खटला उभा राहिल्यावर पहिल्यांदा सुचलेली तक्रार बचावाची सबब वाटते.

मग परेडला नकारच दिला तर?

देता येतो, पण जपून. नकाराचा अर्थ न्यायालय आरोपीच्या विरुद्ध काढू शकतं, जरी तेवढ्यावर शिक्षा होत नसली तरी. आधी दाखवलं हे कारण असेल तर ते लेखी द्या. निव्वळ हट्ट नको.

फुटेजमध्ये सगळं दिसतंय. मग वाद कसला?

तीन वाद असतात, आणि पहिले दोन चेहऱ्याचे नसतातच.

फुटेज कोर्टात आलं कसं? दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्रच, जप्त केला असेल तर गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं असेल तर प्रमाणपत्र हवं. २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवलं. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचे दोन भाग झालेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. फाइलमध्ये नंतर एक अक्षर जरी बदललं तरी ही किंमत जुळत नाही.

दुसरा वाद वेळेचा. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असणं रोजचं. पंचनामा करताना खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ यांतला फरक लिहिला नसेल, तर फुटेजमधली वेळ, टोलनाक्यावरची वेळ आणि मोबाइलचं लोकेशन यांची सांगड घालताना तपास अधिकाऱ्याची दमछाक होते.

मग चेहरा. भिंतीवरच्या कोपऱ्यातला कॅमेरा डोक्याचा वरचा भाग छान दाखवतो. फुटेज बघून ‘हाच आरोपी’ असं सांगणारा जर तपास अधिकारीच असेल, आणि त्याने आरोपीला अटकेआधी कधी पाहिलेलं नसेल, तर त्याचं डोळ्यांनी बघणं न्यायाधीशांच्या बघण्यापेक्षा भारी कसं?

बोटांचे ठसे जुळले. आता काय उरलं?

ठसा कुठे होता ते बघा. काउंटरच्या काचेवर बाहेरून असेल तर गिऱ्हाइकाचाही असू शकतो, आरोपी आठवड्यापूर्वी आईबरोबर मंगळसूत्राचे मणी बदलायला आला असेल. ट्रे ठेवायच्या कपाटाच्या आतल्या बाजूला असेल तर उत्तर देणं जड जातं. जागेवर मिळालेल्या ठशाला ‘चान्स प्रिंट’ म्हणतात. तो कुणी, कुठून, कोणत्या पंचांसमोर उचलला हे मूळ घटनास्थळ पंचनाम्यात नसेल आणि नंतरच्या कागदात अवतरला असेल, तर प्रश्न विचारायलाच हवेत.

आरोपीचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे १९६१ च्या काठी कालू ओघड निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलंय. तो मुद्दा घेऊन कुणी वेळ घालवू नये.

गावठी कट्ट्यातून सुटलेली गोळी जुळवता येते का?

कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यांच्या रेघा गोळीवर उमटतात. गावठी कट्ट्याची नळी बहुधा सपाट असते, कधीकधी साधा पाइपच. त्यामुळे गोळीवरून तुलना डळमळीत. पण पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारं रिकामं कवच, सापडली असेल तर तिच्या बुडावर घोड्याच्या पिनेचा ठोका आणि मागच्या पोलादी भिंतीचे ओरखडे राहतात, आणि हाताने घडवलेल्या कट्ट्याचे हे ओरखडे फार वैशिष्ट्यपूर्ण असतात. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जप्त कट्ट्यातून चाचणीची गोळी झाडून ही तुलना करतात.

कट्टा मात्र एका नळीचा असेल तर पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही, नळी मोडून काढावी लागते. आपल्या वाशीच्या दुकानात एकच गोळी झाडली आणि चोर लगेच पळाले. मग पंचनाम्यात फरशीवर पुंगळी सापडल्याचं लिहिलं असेल, तर ती आली कुठून? घटनास्थळावर ती असणं हेच काही वेळा बचावाचं हत्यार ठरतं. हातावरचे बारुदाचे कण, म्हणजे शिसं, बेरियम, अँटिमनी, हात धुतल्यावर आणि काही तासांच्या वावराने जातात, त्यामुळे दहा दिवसांनी अटक झालेल्याचे स्वॅब घेण्यात हशील नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या आरोपासाठी कलम ३९ ची पूर्वमंजुरी लागते, तो कागद दोषारोपपत्रात शोधा.

रुमालावरचा डीएनए आमच्या मुलाचा निघाला. सीए रिपोर्ट खोटा कसा असेल?

सीए रिपोर्ट म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अ‍ॅनालायझर) अहवाल. तो खोटा नसतोच बहुधा. प्रयोगशाळा सांगते ती तिच्यापर्यंत पोचलेल्या पाकिटाची गोष्ट. पाकिटात काय घातलं गेलं, ते तिला माहीत नसतं. दारात पडलेला रुमाल घटनेच्या दिवशी पंचांसमोर लाखेचं सील लावून बंद झाला का, मुद्देमाल नोंदवहीत कोणत्या तारखेला चढला, कलिन्याला कुणी नेला, तिथल्या पावतीवर सील शाबूत असल्याची नोंद आहे का, आणि आरोपीच्या रक्ताचा नमुना त्याच्या आधी घेतला की नंतर? आरोपीच्या अटकेनंतर तीन आठवडे रुमाल ठाण्याच्या कपाटात उघडा पडला असेल, तर जुळलेल्या डीएनएचं काय सांगायचं? जुलै २०२५ मध्ये कट्टवेल्लई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभर सूचना दिल्या: नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत, उशीर झाला तर कारण नोंदवायचं, आणि प्रत्येक हातबदलाची नोंद असलेली नोंदवही ठेवायची.

सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात येतो, ही सोय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. बचावाने अर्ज करून त्याला बोलावता येतं. बरेच जण करत नाहीत, कारण तज्ज्ञ येऊन आणखी भक्कम बोलून जाईल अशी धास्ती असते. मला वाटतं सीलबद्दल शंका असेल तर बोलवावंच.

याच संहितेच्या कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आहे. ते मागा. पंचनाम्यात न लिहिलेलं बरंच काही त्यात दिसतं.

पंच फितूर झाले. जप्ती गेली का?

पुरती नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर जप्ती टिकते. आरोपीने ‘दागिने काढून देतो’ म्हणून केलेलं निवेदन जिथवर वस्तू सापडण्याशी जोडलेलं आहे तिथवरच चालतं, ‘मी लुटलेले’ हे शब्द चालत नाहीत. आणि एकच माणूस पाच खटल्यांत पंच म्हणून दिसला तर नाव टिपून ठेवा.

मोबाइलचं लोकेशन वाशीचं आलंय.

टॉवर फोन त्या भागात होता एवढं सांगतो. दुकानात कोण होता, ते नाही.

मोक्का लावला तर फरक काय?

फार मोठा. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या या कायद्याखाली पोलीस उपायुक्तांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालू शकते, एरवी पोलिसासमोरची कबुली चालत नाही. जामीन अवघड, आणि दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. ओळख परेड डळमळीत असलेल्या खटल्यात कबुलीजबाब आला की सगळा भर तिकडे सरकतो.

मी तो सेल्समन आहे. मला भीती वाटते आणि नीट आठवतही नाही. काय करू?

धमकी आली तर तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी कळवा. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. परेडला जाण्याआधी कुणी फोटो दाखवत असेल तर बघू नका, आणि दाखवलाच तर कोर्टात तसं सांगा. रांगेत कुणीच ओळखीचं वाटलं नाही तर ‘यात नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आरोपी रांगेत असेलच असं धरून जाऊ नका. ‘आठवत नाही’ हे उत्तर शपथेवर चालतं. त्याने तुम्ही फितूर ठरत नाही.

दागिने जप्त झालेत. दुकानाला परत कधी मिळणार?

खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो, आणि सविस्तर पंचनामा, फोटो आणि बाँड घेऊन माल लवकर परत द्यावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सांगितलंय. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या दागिन्याची मालकी स्टॉक रजिस्टरवरून दाखवणं बरंच सोपं झालंय. एचयूआयडी, वजन आणि बिलं यांचा तक्ता अर्जालाच जोडा. माल वितळवून लगड झालेली असेल तर तक्ता निरुपयोगी. तेव्हा लगड घेणाऱ्या सराफाचा जबाब आणि त्याची खरेदीवही यांवरच सगळं अवलंबून, आणि तोही त्याच खटल्यात चोरीचा माल घेतल्याबद्दल आरोपी असतो.